ए. सी. मिलान : रिव्हेरा, बारेसी, माल्दिनी आणि एकाच क्लबात सरलेल्या कारकिर्दी

सातारकर

१९६० साली जान्नी रिव्हेरा हा किशोरवयीन खेळाडू अलेस्सांद्रियाहून ए. सी. मिलान या इटलीतल्या फुटबॉल क्लबात आला आणि ३१ मे २००९ रोजी पाओलो माल्दिनी फ्लोरेन्समध्ये मिलानसाठीचा आपला शेवटचा सामना खेळून मैदानाबाहेर पडला. मधल्या ४९ वर्षांत असा एकही हंगाम नाही, ज्यात रिव्हेरा, फ्रांको बारेसी आणि पाओलो माल्दिनी या तिघांपैकी किमान एक जण मिलानच्या संघात नव्हता. रिव्हेराचे क्लबासाठी ६५८ सामने झाले, बारेसीचे ७१९ आणि माल्दिनीचे ९०२. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात, पण त्यांचे एकमेकांशी असलेले नाते क्वचितच कोणी उलगडून सांगते, म्हणून हा धागा काढत आहे.

रिव्हेराचा शेवटचा हंगाम १९७८-७९ चा होता. मिलानने त्या वर्षी आपले दहावे इटालियन विजेतेपद मिळवले आणि दहा विजेतेपदांबद्दल इटलीत क्लबाच्या पोशाखावर जो तारा लावला जातो, तो लावण्याचा मान मिळवला. त्याच हंगामात अठरा वर्षांचा बारेसी बचावफळीच्या मागे 'लिबेरो' म्हणून, म्हणजे कोणा एका प्रतिस्पर्ध्याला न जखडता सर्वांच्या मागे उभा राहून खेळ वाचणारा बचावपटू म्हणून, संघात पक्का झाला. पुढे १९८५ च्या जानेवारीत सोळा वर्षांच्या माल्दिनीने उदिनेत पदार्पण केले, तेव्हा संघाचा कर्णधार बारेसी होता. म्हणजे प्रत्येकाने आपल्या आधीच्या माणसाला सरावात, प्रवासात आणि पराभवाच्या दुसऱ्या दिवशी जवळून पाहिले होते. माझ्या मते मिलानची खरी पुंजी हीच होती. एखादा खेळाडू क्लबात दीर्घकाळ राहिला याचे कौतुक आपण करतोच, पण तो राहिल्यामुळे पुढच्या खेळाडूला काय मिळाले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या तिघांमध्ये मी बारेसीला पहिले स्थान देतो, आणि त्याचे कारण त्याने जिंकलेले चषक नाही. बारेसीचा जन्म १९६० साली ब्रेशियाजवळच्या त्राव्हाल्यातो या गावातला. त्याचा थोरला भाऊ ज्युसेप्पे याला इंटर या मिलान शहरातल्याच दुसऱ्या क्लबाने घेतले आणि फ्रांकोला अंगाने लहान म्हणून नाकारले. मिलानने त्याला घेतले. आईवडिलांचे छत्र त्याने किशोरवयातच गमावले होते. एप्रिल १९७८ मध्ये व्हेरोनाविरुद्ध त्याने पदार्पण केले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावावर इटालियन विजेतेपद लागले. इथवरची गोष्ट सुखाची आहे. त्यानंतर १९८० साली सामन्यांवरील सट्टेबाजीचे प्रकरण उघडकीस आले आणि सेरी आ, म्हणजे इटलीच्या अव्वल श्रेणीत तिसरे आलेल्या मिलानला शिक्षा म्हणून सेरी बी या दुय्यम श्रेणीत ढकलण्यात आले. एका वर्षात संघ वर आला, पण १९८२ साली पुन्हा खाली गेला आणि या वेळी कोणाच्या शिक्षेमुळे नव्हे, तर खेळात कमी पडल्यामुळे गेला. बारेसी त्या वेळी बावीस वर्षांचा होता आणि विश्वविजेत्या इटालियन चमूचा सदस्य होता, जरी त्या स्पर्धेत त्याला प्रत्यक्ष खेळण्याची संधी मिळाली नाही. अशा खेळाडूला मोठ्या क्लबांची दारे उघडी असतात. तो सेरी बी मध्ये खेळायला राहिला आणि त्याच वर्षी कर्णधार झाला. पुढची पंधरा वर्षे ते पद त्याच्याकडेच होते.

प्रशिक्षक आरिगो साक्की १९८७ साली पार्माहून आला, तेव्हा त्याने माणसामागे माणूस लावण्याची इटालियन पद्धत सोडून संपूर्ण संघाला चेंडूच्या जागेनुसार एकत्र सरकायला शिकवले. बचावफळी इतकी पुढे ठेवायची तर तिला एकाच क्षणी पुढे पाऊल टाकावे लागते, आणि तो क्षण ठरवणारा माणूस बारेसी होता. हात उंचावून ऑफसाइड मागणारी त्याची मूर्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा हा माणूस धिप्पाड आघाडीवीरांच्या पुढे चेंडूवर पोहोचायचा, कारण तो त्यांच्या आधी निघालेला असायचा.

१९९४ च्या विश्वचषकाचा उल्लेख केल्याशिवाय बारेसीबद्दलचे लेखन पुरे होत नाही. नॉर्वेविरुद्धच्या साखळी सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि महिनाही उलटलेला नसताना १७ जुलैला पासाडेनाच्या उन्हात ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात तो उभा राहिला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली होती. चौतीस वर्षांच्या बारेसीने रोमारिओ आणि बेबेतो यांना १२० मिनिटे गोल करू दिला नाही. नंतर पहिली पेनल्टी त्याने घेतली आणि ती आडव्या खांबावरून गेली. जगाच्या स्मरणात रॉबेर्तो बाज्जोची शेवटची पेनल्टी राहिली, पण मला त्या सामन्यातला सर्वांत मोठा खेळ बारेसीचाच वाटतो.

माल्दिनीबद्दल मी इथे मुद्दाम थोडे लिहिले आहे, कारण त्याचे चाहते या मंडळात पुष्कळ आहेत आणि माझे मत त्यांना पटणार नाही याची मला कल्पना आहे. आपापली मते अवश्य मांडावीत.

दक्षिण_मुंबई

सातारकर, लेख आवडला, पण एका गोष्टीकडे तुमचे दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्याचा निकाल दिला. त्याआधी करार संपल्यानंतरही खेळाडूवर जुन्या क्लबाचा हक्क राहत असे आणि पैसे मोजल्याशिवाय दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नसे. परदेशी खेळाडूंच्या संख्येवरही बंधने होती. अशा व्यवस्थेत पंधरा-वीस वर्षे एका क्लबात राहणे हे केवळ निष्ठेचे लक्षण कसे मानता येईल? रिव्हेरा आणि बारेसी यांची जवळपास सगळी कारकीर्द या निकालाआधीची आहे. त्याउलट माल्दिनीची चौदा वर्षे निकालानंतरची आहेत. करार संपताच मोकळेपणाने कुठेही जाता येत असताना, इंग्लंड आणि स्पेनमधले क्लब पैशाची पोती घेऊन उभे असताना तो राहिला. निष्ठाच मोजायची असेल तर माल्दिनीची निष्ठा अधिक कसाला लागली, असे माझे म्हणणे आहे.

सातारकर

तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी १९८२ सालच्याच आणखी एका खेळाडूचे नाव घ्यावे लागेल. फुल्व्हिओ कोल्लोव्हाती हा मिलानच्या युवा संघातून वर आलेला बचावपटू होता, तोही १९७९ च्या विजेत्या संघात होता आणि १९८२ चा विश्वचषक तर त्याने मुख्य संघातून खेळून जिंकला. मिलान खालच्या श्रेणीत गेल्यावर तो इंटरमध्ये गेला आणि त्या बदल्यात मिलानला इंटरचे काही खेळाडू मिळाले. म्हणजे बोस्मान निकालाआधीही जाणे शक्य होते. क्लब पैशासाठी विकायला तयार असे आणि खेळाडू आपली इच्छा बोलून दाखवू शकत असे. दोघे एकाच बचावफळीतले, दोघेही त्या वर्षीच्या विश्वविजेत्या चमूतले, आणि दोघांनी वेगवेगळे मार्ग धरले. कोल्लोव्हातीला मी दोष देत नाही, कारण राष्ट्रीय संघातली जागा टिकवायची असेल तर सेरी बी मध्ये खेळणे धोक्याचे होते. पण नेमक्या त्याच धोक्यामुळे बारेसीच्या राहण्याला किंमत येते.

माल्दिनीला सोडून जाण्याची मुभा होती हे खरे आहे, परंतु त्या चौदा वर्षांत मिलान हा क्लब सहसा जिंकणारा होता. बारेसी हरणाऱ्या क्लबात राहिला. म्हणून मी तुलना करताना वर्षांची संख्या बाजूला ठेवतो.

नील_पताका

मी माल्दिनीच्या बाजूने लिहिणार आहे आणि थोडे सविस्तर लिहिणार आहे.

पंचवीस हंगाम एका क्लबात खेळायचे तर माणसाला आपला खेळ अनेकदा नव्याने बांधावा लागतो, ही गोष्ट आपण विसरतो. माल्दिनी मूळचा उजव्या पायाचा. त्याला डाव्या बाजूला खेळवले गेले आणि त्या बाजूचा तो जगातला सर्वोत्तम बचावपटू झाला. तरुणपणी तो संपूर्ण डावी बाजू वर-खाली धावून व्यापत असे. तिशीनंतर पायांतला वेग ओसरू लागला, तेव्हा तो मध्यभागी सरकला आणि तिथे नजरेच्या व अंदाजाच्या बळावर खेळू लागला. प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्तीच्या संघात अलेस्सांद्रो नेस्ताच्या शेजारी तो मध्यभागी खेळायचा आणि गरज पडली की पुन्हा डावीकडे जायचा. २००३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तो मध्यभागी होता, २००५ मध्ये डावीकडे आणि २००७ मध्ये पुन्हा मध्यभागी. पस्तिशीच्या आसपासचा खेळाडू प्रत्येक वेळी संघाला हवी ती जागा घेतो आणि कुठेही उपरा वाटत नाही, याला मी फार मोठी गोष्ट मानतो.

युरोपातील सर्वोच्च स्पर्धेचे आठ अंतिम सामने तो खेळला : १९८९, १९९०, १९९३, १९९४, १९९५, २००३, २००५ आणि २००७. त्यांपैकी पाच जिंकले. पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात अठरा वर्षांचे अंतर आहे. १९८९ मध्ये कॅम्प नोउवर स्तेआउआ बुखारेस्टला ४-० ने हरवणाऱ्या संघातला वीस वर्षांचा मुलगा २००७ मध्ये अथेन्सला कर्णधार म्हणून चषक उचलतो, तेव्हा तो एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर असतो. या दोन टोकांच्या मध्ये इस्तंबूलही येते. २००५ च्या त्या सामन्यात पहिल्याच मिनिटात त्याने लिव्हरपूलवर गोल केला, मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होते आणि शेवटी पेनल्टीवर हरले. असा पराभव पचवून दोन वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पुन्हा अंतिम सामन्यात उतरण्यासाठी जे लागते, ते सेरी बी मध्ये राहण्यासाठी लागणाऱ्या धैर्यापेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही.

शिवाय घराण्याचे ओझे होते. वडील चेझारे माल्दिनी मिलानचे कर्णधार होते आणि १९६३ साली वेम्ब्लीवर बेन्फिकाला हरवून त्यांनी युरोपीय चषक उचलला होता. तो चषक उचलणारा पहिला इटालियन क्लब मिलान. पाओलोने २००३ मध्ये मँचेस्टरला कर्णधार म्हणून चषक उचलला, तोही इंग्लंडमध्येच आणि बरोबर चाळीस वर्षांनी. सोळाव्या वर्षी पदार्पण करताना 'बापाच्या नावावर आला' असे म्हणणारे लोक नक्कीच असणार. त्यांचे तोंड बंद करण्यासाठी चांगला खेळ पुरेसा नसतो, तो वर्षानुवर्षे करत राहावा लागतो.

बारेसीविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण सातारकर, वर्षांची संख्या बाजूला ठेवून तुम्ही माल्दिनीचे सर्वांत मोठे कर्तृत्वच बाजूला ठेवता.

मडगावकर

चर्चा वाचताना आमच्या गोव्यातल्या क्लबांची आठवण येणे अपरिहार्य आहे. खेळाडूने क्लबात राहायचे, यासाठी आधी क्लब राहावा लागतो. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी २०१६ साली आय-लीगमधून माघार घेतली. मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० साली बंदच झाला. अशा परिस्थितीत विशीतल्या खेळाडूने कोणाशी निष्ठा ठेवायची? भारतात एका क्लबात दीर्घकाळ राहिलेल्यांची नावे घेताना मोहन बागानच्या सुब्रत भट्टाचार्य यांचे नाव हमखास येते. ते १९७४ ते १९९० अशी सतरा वर्षे तिथे होते. त्यामागे त्यांचा स्वभाव असेलच, पण मोहन बागान हा क्लब १८८९ पासून उभा आहे, हे कारणही तितकेच मोठे आहे.

मिलानच्या बाबतीतही ही दोरी एकदा तुटण्याच्या बेतात होती. १९८६ च्या सुरुवातीला क्लब कर्जात बुडालेला होता आणि फेब्रुवारीत सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी तो विकत घेतला. त्यांच्या राजकारणाबद्दल माझी मते वेगळी आहेत आणि ती इथे अप्रस्तुत आहेत, परंतु क्लब वाचला नसता तर बारेसीच्या त्यागाला फळ आले नसते आणि माल्दिनीला पंचवीस हंगाम मिळाले नसते, इतके तरी मान्य करावे लागेल.

जुना_वाचक

तिघांची नावे घेतलीत, पण ज्या माणसाने ही साखळी बांधली त्याचे नाव अजून धाग्यावर आलेले नाही. तो माणूस म्हणजे निल्स लिडहोल्म.

लिडहोल्म हे स्वीडनचे. १९४९ साली ते खेळाडू म्हणून मिलानमध्ये आले आणि १९६१ पर्यंत खेळले. ग्रेन, नोर्दाल आणि लिडहोल्म या तीन स्वीडिश खेळाडूंचे त्रिकूट 'ग्रे-नो-ली' या नावाने इटलीत प्रसिद्ध होते. मिलानचे कर्णधारपद भूषवणाऱ्या लिडहोल्म यांनी १९५८ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात स्वीडनचेही नेतृत्व केले आणि ब्राझीलविरुद्ध पहिला गोल केला. आता तारखा जुळवून पाहा. चेझारे माल्दिनी १९५४ मध्ये त्यांच्या संघात आले. रिव्हेराचा मिलानमधला पहिला हंगाम हा लिडहोल्म यांचा खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम होता. नंतर ते प्रशिक्षक झाले आणि १९७८ साली बारेसीला पदार्पणाची संधी त्यांनीच दिली. १९७९ च्या विजेतेपदानंतर ते रोमाला गेले, १९८४ मध्ये परत आले आणि काही महिन्यांतच उदिनेत, मध्यंतरानंतर, आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी मैदानात पाठवले.

ते स्वतः शांत स्वभावाचे होते आणि चेंडू अचूक पुढे देण्याबद्दल त्यांची ख्याती होती. धसमुसळेपणा त्यांना मुळीच आवडत नसे. बारेसी आणि माल्दिनी हे दोघेही अंगावर धावून जाण्यापेक्षा जागा ओळखून उभे राहणारे बचावपटू झाले, हा मला योगायोग वाटत नाही. बचावात क्षेत्र वाटून घेण्याची पद्धतही लिडहोल्म यांनी साक्कीच्या बऱ्याच आधी इटलीत वापरली होती. त्यामुळे सातारकरांची ४९ वर्षांची साखळी मी मागे नेऊन १९४९ पासून मोजेन, म्हणजे ती साठ वर्षांची होते.

पिंपळपान

जुना_वाचक यांच्या प्रतिसादामुळे धाग्याला खोली आली. मला दोन अशा खेळाडूंबद्दल लिहायचे आहे, ज्यांची नावे नेहमी दुसऱ्या वाक्यात येतात.

माउरो तास्सोत्ती हा रोमचा. १९८० च्या उन्हाळ्यात तो लाझिओमधून मिलानमध्ये आला. त्या उन्हाळ्यात मिलानची रवानगी सेरी बी मध्ये झालेली होती, म्हणजे बारेसी पडत्या काळात राहिला तर तास्सोत्ती पडत्या काळात आला. १९८२ मध्ये क्लब पुन्हा खाली गेला तरी तोही गेला नाही. त्याने १९९७ पर्यंत ५८३ सामने खेळले. आधी त्याची ओळख आडदांड खेळाडू अशी होती. पुढे उजव्या बाजूने चेंडू घेऊन जाणारा आणि अचूक पास देणारा बचावपटू म्हणून त्याने आपला खेळ घडवला. १९९४ च्या विश्वचषकात लुइस एन्रिकेला कोपर मारल्याबद्दल त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली आणि जगाला तो तेवढ्यापुरताच आठवतो, याचे मला वाईट वाटते. निवृत्तीनंतर तो मिलानमध्येच प्रशिक्षक म्हणून राहिला आणि आन्चेलोत्तीचा सहायक म्हणून २००३ आणि २००७ च्या युरोपीय विजेतेपदांचा भागीदार झाला.

आलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता हा क्लबाच्या युवा संघातला. 'बिली' हे त्याचे टोपणनाव मिलानच्या बास्केटबॉल संघाच्या पुरस्कर्त्यावरून पडले, कारण त्याला बास्केटबॉलचे वेड होते. एक वर्ष मोन्झाला उसना खेळून आला आणि मग २००७ पर्यंत मिलानमध्ये राहिला. त्याचे ६६३ सामने झाले. बारेसीच्या शेजारी खेळणे म्हणजे त्याने मोकळी ठेवलेली जागा भरणे, आणि ते काम टाळ्या मिळवून देणारे नसते. १९९४ साली चॅम्पियन्स लीगचा आणि विश्वचषकाचा असे दोन्ही अंतिम सामने निलंबनामुळे त्याच्या हातून गेले. दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. तो ३७ वर्षांचा असताना २००३ च्या अंतिम सामन्यात उजव्या बाजूला खेळला. मे २००७ मध्ये उदिनेसेविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याने पेनल्टीवर गोल केला, तेव्हा त्याने वयाची एकेचाळीस वर्षे पूर्ण केलेली होती. सेरी आ मधला सर्वांत वयस्क गोल करणारा हा त्याचा विक्रम सोळा वर्षे टिकला आणि तो मोडला मिलानच्याच झ्लाटान इब्राहिमोविचने, तोही उदिनेसेविरुद्धच.

तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी या चौघांचे मिलानसाठीचे सामने मिळवले तर २८६७ होतात. १९९३-९४ च्या हंगामात मिलानने ३४ सामन्यांत केवळ ३६ गोल केले आणि तरीही इटालियन विजेतेपद जिंकले, कारण त्यांच्यावर फक्त १५ गोल झाले. गोलरक्षक सेबास्तियानो रॉस्सी त्या हंगामात सलग ९२९ मिनिटे अभेद्य राहिला. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसांना एकमेकांची पावले पाठ होती, आणि ती पाठ व्हायला वर्षे लागली होती.

दक्षिण_मुंबई

पिंपळपान, फार सुंदर माहिती दिलीत. आता थोडे कटू लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही.

माल्दिनीचा सान सिरो या घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना २४ मे २००९ रोजी रोमाविरुद्ध झाला. मिलान ३-२ ने हरले. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी मारत असताना कट्टर समर्थकांच्या एका गटाने त्याच्यावर शिट्ट्यांचा भडिमार केला आणि बारेसीच्या ६ क्रमांकाचा भव्य सदरा फडकावला. त्या गटाचे आणि माल्दिनीचे जुने मतभेद होते. तो त्यांच्यापुढे वाकला नव्हता. पंचवीस हंगामांच्या शेवटी आपल्याच मैदानावर असा निरोप मिळावा, ही मला आजही लाजिरवाणी गोष्ट वाटते. आठवड्याने फ्लोरेन्समध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली.

म्हणूनच 'बारेसी की माल्दिनी' हा वाद मला नीट चालवावासा वाटतो. एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला खाली ओढण्याचे काम त्या दिवशी सान सिरोवर झाले होते.

साखळी कुठे तुटली हेही पाहावे लागेल. २००९ नंतर अम्ब्रोसिनी कर्णधार झाला आणि तोही एकूण अठरा वर्षे क्लबात राहिलेला माणूस होता. २०११ मध्ये पिर्लोला करार न वाढवता जाऊ दिले आणि तो युव्हेंटसकडे जाऊन विजेता झाला. मग १३ मे २०१२ रोजी नोव्हाराविरुद्धच्या सामन्याने नेस्ता, गात्तुसो आणि इन्झागी यांनी एकदमच निरोप घेतला. इन्झागीने विजयी गोल केला आणि प्रेक्षक रडले. नेस्ता नंतर २०१४ मध्ये चेन्नईयिन संघाकडून आपल्याकडेही खेळून गेला. ज्यांच्याकडून शिकायचे ते सगळे एकाच दारातून एकाच दिवशी बाहेर पडले. २०१५ मध्ये गोलरक्षक डोनारुम्माने सोळाव्या वर्षी, म्हणजे माल्दिनीच्याच वयात, पदार्पण केले. २०२१ मध्ये करार संपताच तो पॅरिसला गेला. पैसा हे कारण होतेच, पण बारेसीला रिव्हेरा दिसत होता आणि माल्दिनीला बारेसी दिसत होता, तसा डोनारुम्माला कोण दिसत होता?

नील_पताका

दक्षिण_मुंबई, या शेवटच्या प्रश्नाला मी एक पुरवणी जोडतो. माल्दिनी २०१८ मध्ये व्यवस्थापनात परतला, तांत्रिक संचालक झाला आणि २०२२ मध्ये मिलानने अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवले. त्या चमूत त्याचा मुलगा दानिएल होता. चेझारे, पाओलो आणि दानिएल अशा तीन पिढ्या मिलानकडून सेरी आ जिंकल्या. पुढच्याच वर्षी क्लबाने पाओलोला पदावरून दूर केले. दानिएलही आता दुसरीकडे खेळतो. क्लबाने ३ क्रमांक निवृत्त करताना माल्दिनीच्या मुलांसाठी अपवाद ठेवला होता, पण दानिएल मिलानमध्ये २७ क्रमांक घालून खेळला.

सातारकर

सर्व प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. जुना_वाचक यांनी लिडहोल्म यांचा जो धागा जोडला, त्याने माझ्या मूळ लेखातली मोठी पोकळी भरून निघाली.

नील_पताका, माल्दिनीने स्वतःचा खेळ पुन्हा पुन्हा बांधला हा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटला आहे. तरीही मी बारेसीलाच पहिला मान देईन आणि त्यासाठी एका अशा सामन्याचा दाखला देईन, ज्यात तो खेळलाच नव्हता. १८ मे १९९४ रोजी अथेन्सला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता आणि समोर योहान क्रुइफचे बार्सिलोना होते. रोमारिओ आणि स्तोइचकोव्ह असलेल्या त्या संघाला बहुतेकांनी आधीच विजेते ठरवले होते. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित होते, म्हणजे बचावाचा संपूर्ण मध्य नाहीसा झालेला होता. प्रशिक्षक कापेल्लोने माल्दिनीला डावीकडून मध्यभागी आणले, त्याच्या शेजारी फिलिप्पो गाल्ली या क्लबातच वाढलेल्या बचावपटूला उभे केले, उजवीकडे कर्णधार म्हणून तास्सोत्ती होता आणि डावीकडे पानुच्ची. मिलान ४-० ने जिंकले. मास्सारोचे दोन गोल, साव्हिचेव्हिचचा तो डोळ्यांचे पारणे फेडणारा गोल आणि मार्सेल देसाईचा चौथा गोल सर्वांना आठवतो. मी ते चित्रण पुन्हा पाहतो, तेव्हा माझे लक्ष बचावफळीकडे असते. ती त्याच रेषेत पुढे येते, त्याच क्षणी थांबते, आणि रोमारिओला चेंडू मिळतो तोपर्यंत त्याच्यापुढची वाट बंद झालेली असते. तो क्षण ओळखायला माल्दिनीला आणि गाल्लीला वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून बारेसीनेच शिकवले होते.

फिलिप्पो गाल्लीवर अजून कोणी लिहिलेले नाही. त्याच्या दुखापती, साक्कीच्या काळात कोस्ताकुर्ताबरोबरची त्याची जागेसाठीची चुरस आणि नंतर क्लबाच्या युवा विभागात त्याने केलेले काम यांवर कोणाला सविस्तर माहिती असल्यास ती याच धाग्यावर द्यावी.